इंग्रजी शिकवायला पासपोर्ट कुठला लागतो?

हल्ली फेसबुक उघडलं की दर चौथी जाहिरात तीच. 'घरबसल्या परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवा, डॉलरमध्ये कमवा, अनुभवाची गरज नाही.' आधी 99 रुपयांचं वेबिनार. त्यात दोन तास स्वप्नं. शेवटच्या दहा मिनिटांत 'आजच्या आज भरलंत तर' म्हणून काही हजारांचा कोर्स, वर ईएमआयची सोय. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात एखादं बी.एड. झालेलं पोर नोकरीची वाट बघत बसलंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

कारण हे पैसे तीच पोरं भरतायत. इंग्रजीत एम.ए. करून तासिका तत्त्वावर राबणारी. टीईटी झाली, टेट झाली, आता पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन 2023 पर्यंत महिना 6 हजार रुपये होतं, मग ते 16 हजार झालं. अशा माणसाला कुणी 'तासाला 15 डॉलर' म्हटलं की तो मनातल्या मनात गुणाकार करणारच. त्यात त्याची काही चूक नाही. पण गुणाकार करायला लावणारा एक गोष्ट हातचं राखून सांगत नाही, ती मी सांगते.

ऑनलाइन इंग्रजीच्या बाजाराचा मोठा आणि चांगले पैसे देणारा भाग तुम्हाला शिकवता येतं का, हे आधी विचारतच नाही. आधी पासपोर्ट विचारतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. हे सात देश म्हणजे 'नेटिव्ह'. बाकीचं जग विद्यार्थी.

ही यादी जरा नीट बघा. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी ही दहा टक्क्यांहून कमी लोकांच्या घरची भाषा आहे. झुलू, खोसा, आफ्रिकान्स बोलणारे त्याहून जास्त. तिथल्या शिक्षकांबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यांना काम मिळतं याचा आनंदच आहे. पण मग निकष काय? घरची भाषा म्हणावी तर दक्षिण आफ्रिका बसत नाही. राज्यकारभाराची भाषा म्हणावी तर भारत, नायजेरिया, फिलिपिन्स बाहेर का? आपल्या घटनेचं कलम 348 काढून वाचा, सुप्रीम कोर्टाचं कामकाज कुठल्या भाषेत चालतं ते कळेल. निकष काहीच नाही हो. कोरियाच्या इंग्रजी शिक्षकांच्या व्हिसाच्या नियमात हेच सात देश आहेत. तिथे निदान सरकारी कागद तरी आहे. पण पुण्यात बसून टोकियोतल्या माणसाशी लॅपटॉपवर बोलायला व्हिसा कशाला लागतो? तरी यादी तीच.

आणि हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्ये 'लिंग्विस्टिक इंपिरिअ‍ॅलिझम' या पुस्तकात हे मांडून ठेवलंय. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे जन्माने इंग्रजी बोलणारा, ही समजूत 1961 च्या युगांडातल्या मकेरेरे परिषदेतून कशी घट्ट झाली आणि ती का खोटी आहे, हे त्यांनी दाखवलं. श्रीनगरचे ब्रज कचरू यांनी तर 1980 च्या दशकातच सांगितलं की इंग्रजीची एकच मालकी नाही, भारतासारख्या देशांची स्वतःची इंग्रजी आहे आणि तिचे स्वतःचे नियम आहेत. विद्यापीठांत हे पेपरात विचारतात. बाजारात कुणी ऐकत नाही.

आता पैशाचं बघू. 'तासाला 15-20 डॉलर' हा आकडा बहुतेक चीनच्या जुन्या दिवसांतला आहे. व्हीआयपीकिड नावाची बीजिंगची कंपनी अमेरिका-कॅनडातल्या पदवीधरांकडून चिनी मुलांना 25-25 मिनिटांचे तास देत होती, आणि असे दर जाहिरातीत झळकत होते. जुलै 2021 मध्ये चिनी सरकारने शिकवण्यांवर बंदीचा वरवंटा फिरवला. देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून मुलांना शिकवून घेणंच बंद केलं. हजारो शिक्षकांचं काम गेलं. तो बाजार बुडाला, पण त्याचा आकडा आपल्याकडच्या वेबिनारमध्ये अजून जिवंत आहे. आजचं सांगायचं तर कॅम्ब्लीसारखं ॲप मिनिटाला 17 सेंट देतं, म्हणजे तासाला 10 डॉलर 20 सेंट.

मग सर्टिफिकेट? '120 तासांचं आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त टेफल.' मान्यता कुणाची, हे विचारा. टेफल या नावाला मान्यता देणारी एक जागतिक संस्था जगात नाहीच. कुणीही वेबसाइट काढतो, व्हिडिओ टाकतो, पीडीएफवर सोनेरी शिक्का मारतो. यातली वजनदार प्रमाणपत्रं म्हणजे केंब्रिजचं सेल्टा आणि ट्रिनिटीचं सर्ट-टीसॉल. त्यांत सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि कुणीतरी बसून ते तपासतं. खर्च लाखाच्या वर जातो, पण निदान काहीतरी होतं. आणि गंमत बघा. आपल्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये सराव पाठ असतात, शाळेत जाऊन शिकवावं लागतं, निरीक्षक मागच्या बाकावर बसून टिपणं काढतात. म्हणजे ज्याने खऱ्या वर्गात, पन्नास मुलांसमोर उभं राहून घाम गाळलाय, त्याला कधीच वर्गात न उतरवणारं व्हिडिओचं सर्टिफिकेट विकलं जातंय. आणि तो ते घेतोय, कारण त्यावर 'इंटरनॅशनल' लिहिलंय!

याहून संताप येतो तो उच्चाराच्या कोर्सचा. 'अमेरिकन ॲक्सेंट तीस दिवसांत.' कॉल सेंटरच्या काळात आपली पोरं रात्री वेगळं नाव लावून फोन घ्यायची, ते दिवस आठवा. तेच नाटक आता शिक्षकांकडून करवून घेताय? तीस दिवसांत ॲक्सेंट येत नाही, धड ना हे धड ना ते असं काहीतरी येतं. विद्यार्थ्याला ते दुसऱ्या मिनिटाला कळतं. मग तुमचं बाकीचं खरं शिकवणंही त्याला खोटं वाटायला लागतं.

उच्चार सुधारायचे नाहीत असं मी म्हणत नाही. पण काय सुधारायचं ते नेमकं सांगा ना. आपण 'पिन' म्हणतो त्यातला प इंग्रजीत श्वास सोडून म्हणतात, आपला प परक्या कानाला ब वाटू शकतो. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' आपण बोलताना एकच करून टाकतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर आणि 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलेलंच नसतं. शिवाय 'डिस्कस अबाउट', 'आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स', 'टुडे मॉर्निंग' ही आपली खास लेणी परदेशी विद्यार्थ्याच्या गळ्यात घालू नयेत. स्वतःचा तास रेकॉर्ड करा, ऐका, लाज वाटेल, पुन्हा करा. याला पैसे लागत नाहीत.

आता आपल्याकडे काय आहे ते बोलू, कारण रडगाणं गायला मी ही पोस्ट लिहीत नाहीये. मराठी माणसाने इंग्रजी शिकून घेतलेली असते. ती त्याच्या तोंडात आपोआप पडलेली नसते. 'अ', 'ॲन', 'द' कुठे लावायचे हे कळायला आपल्याला वर्षं लागली, कारण मराठीत तो प्रकारच नाही. जपानीत नाही, रशियनमध्येही नाही. आपण 'टेबलावर' म्हणतो, जपानी माणूस 'तेबुरु नो उए नि' म्हणतो, तुर्की माणूस 'मासादा' म्हणतो. (मासा म्हणजे टेबल, हसू नका.) तिघेही 'वर' नंतर लावतात. क्रियापद तिघांचंही शेवटी. इंग्रजीत हे सगळं उलटं होतं तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या डोक्यात नेमकं कुठे अडतंय, हे ओहायोतल्या पदवीधराला पुस्तकातून शिकावं लागतं. आपण तिथून पायी आलोय.

ज्यांना हा युक्तिवाद पुस्तकी वाटतो त्यांनी फिलिपिन्सकडे बघावं. रेअरजॉब ही टोकियोची कंपनी 2007 पासून फिलिपिनो शिक्षकांकडून जपानी लोकांना इंग्रजी शिकवतेय. 51टॉक ही चिनी कंपनीसुद्धा फिलिपिनो शिक्षकांवर उभी राहिली आणि 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारापर्यंत गेली. त्या शिक्षकांची मातृभाषा टागालोग, सेबुआनो. मोबदला अमेरिकनांपेक्षा कमी, हाही अन्यायच, तो झाकायचं कारण नाही. पण 'नॉन-नेटिव्ह माणसाकडून कोण शिकणार?' या प्रश्नाचं उत्तर तिथे कधीच मिळून गेलंय.

ज्यांना खरोखर सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी थोडं रोकडं. आयटॉकी आणि प्रेप्लीसारख्या ठिकाणी भारतीयाला दार उघडं आहे, दर आपला आपण ठरवायचा. पण अटी वाचा. आयटॉकी 15 टक्के कापतं. प्रेप्लीवर नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या तासाचे सगळे पैसे कंपनी ठेवते. पुढे कपात 33 टक्क्यांपासून सुरू होते, आणि शिकवलेले तास वाढत गेले की 18 टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणजे पाच डॉलर लावलेत तर हातात तीन डॉलर पस्तीस सेंट. वर विद्यार्थ्याकडे 'फक्त नेटिव्ह दाखवा' असं बटण असतं, ते त्याने दाबलं की तुम्ही गायब. म्हणून 'जनरल इंग्लिश'च्या गर्दीत उभं राहू नका. अकाउंटन्सी केलेल्याने अकाउंटंटना शिकवावं, नर्सिंग केलेलीने नर्सना. व्याकरण समजावता येत असेल तर प्रोफाइलमध्ये तेच ठळक लिहा. वेळही बघा. टोकियोत संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन, रियाध किंवा इस्तंबूलचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. यात घर सांभाळून तास घेता येतात. ब्राझीलचे सात म्हणजे आपल्या पहाटेचे साडेतीन, तो नाद सोडा. पहिले सहा महिने यातून घर चालेल असं समजू नका. हातातली तासिका सोडू नका. आणि काम देण्याआधी 'डिपॉझिट' मागणाऱ्याचा नंबर सरळ ब्लॉक करा.

आता कमेंटमध्ये कुणीतरी येईलच की 'ताई, आमच्या मराठी शाळा ओस पडतायत आणि तुम्ही परक्यांना इंग्रजी शिकवायला सांगताय?' दादा, शाळांमधल्या रिकाम्या जागा त्या पोरांनी भरल्या नाहीत असं नाहीये, त्यांना भरू दिल्या नाहीत. त्यांनी दुपारी साडेतीनला जपानी इंजिनिअरला शिकवून चार पैसे मिळवले तर मराठीचं काही बिघडत नाही. आणि विद्यापीठांना विचारायचंच असेल तर हे विचारा, की इंग्रजीच्या एम.ए.त शेक्सपिअर आहे, मिल्टन आहे, मग परभाषक प्रौढ माणसाला इंग्रजी कशी शिकवायची याचे देखरेखीखाली घेतलेले सहा तास का बसत नाहीत? हैदराबादच्या 'इफ्लू'त इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक्रम आहेत, आपल्याकडे तसे काढायला कुणी अडवलंय? हे झालं असतं तर 99 रुपयांच्या वेबिनारवाल्याकडे कुणी फिरकलं नसतं.

तोवर एवढं करा. पुढचं वेबिनार लागलं की चॅटमध्ये एकच प्रश्न टाका: 'तुमच्या मागच्या बॅचमधल्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या किती जणांकडे सहा महिन्यांनंतर पैसे देणारे विद्यार्थी होते?' काही जण तुम्हाला तिथल्या तिथे म्यूट करतील. उत्तर दिलंच कुणी, तर ते इथे खाली लिहा. कोर्सचं नाव नको, फक्त आकडा.