मुक्त आणि फुकट

मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराच्या पंगुणी उत्सवात त्रेसष्ट नायन्मारांची मिरवणूक निघते. त्या दिवशी मंदिराभोवतीच्या रस्त्यांवर जागोजागी मांडव घालून लोक पाणी, ताक आणि भात वाटतात. अभ्यागत प्राध्यापक म्हणून या वस्तीत राहावयास आल्यापासून ही मिरवणूक मी दोनदा पाहिली. ताक आंबट आहे म्हणून वाटणाऱ्याशी हुज्जत घालणारा मनुष्य काही दिसला नाही. त्याच आठवड्यात मी स्वतः मात्र नेमका तसा वागलो होतो.

घडले ते असे. एका जुन्या मराठी प्रवासवर्णनाचे पाठसंपादन करताना छापील पानांवरील अक्षरे ओळखणारी एक मुक्त संगणकप्रणाली मी वापरीत होतो. तिला 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतील भेद कळेना. सह्याद्रीतील यच्चयावत दऱ्यांचा समुद्र झाला. प्रबंध परत करणाऱ्या परीक्षकाच्या थाटात मी कर्त्यांस पत्र धाडले आणि आठ दिवसांत दोष दूर व्हावा असे बजावले. उत्तर सौम्य होते. हे काम पाहणारा एकच गृहस्थ, तोही नोकरी सांभाळून रात्री बसणारा, आणि त्यास मराठी येत नव्हते. शुद्ध केलेली शंभर पाने पाठविल्यास यंत्राला शिकविता येईल, असे त्याने लिहिले. ती पाने पाठविण्यास मला पाच महिने लागले.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून, इंग्रजी 'फ्री' म्हणजे स्वातंत्र्य, किंमत नव्हे, हे समजावून सांगणे त्यांना भाग पडले आहे. आपल्याला ही अडचण नाही. मराठीत 'मुक्त' वेगळे, 'फुकट' वेगळे. तमिळमध्येही 'कट्टट्र' म्हणजे बंधन नसलेले आणि 'इलवसम्' म्हणजे विनामूल्य, हे शब्द स्वतंत्र आहेत. भाषेने केलेला भेद आपण व्यवहारात मात्र पाळीत नाही. किंबहुना फुकटाची वस्तू वापरताना आपण ग्राहकाहूनही अधिक ग्राहक होतो, कारण पैसे परत मागण्याची सोय नसल्याने सारा राग शब्दांतूनच काढावा लागतो.

या रागाचे परिणाम किती दूर जातात, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. असंख्य संगणकांत वापरली जाणारी 'एक्सझेड' ही माहिती आटोपशीर करून साठविणारी प्रणाली मुख्यतः एकच गृहस्थ विनावेतन सांभाळीत होता. २०२२ मध्ये कामाच्या मंदगतीबद्दल त्याच्यामागे तगादा लागला. हा आपला बिनपगारी उद्योग आहे, असे त्याने सांगून पाहिले. अखेर तत्पर दिसणाऱ्या एका साहाय्यकाच्या हाती त्याने अधिकार सोपविले, आणि त्या साहाय्यकाने प्रणालीत चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला म्हणून तो उघडकीस आला. तगादा लावणारे त्याच कटातील असावेत, असे मानले जाते. परंतु त्यांचे सोंग खपले याचे कारण असे की, खरे वापरकर्तेही तसेच बोलतात.

तथापि ताकाच्या मांडवाची उपमा फार ताणता येणार नाही. मांडव संध्याकाळी मोडतो. प्रणालीवर मात्र माणसाचे वर्षावर्षांचे काम उभे असते. केरळातील 'स्वतंत्र मलयाळम् कम्प्युटिंग' या स्वयंसेवकांच्या मंडळाने घडविलेल्या कळफलकावर मराठीही लिहिता येते. तो उद्या बंद पडला तर त्यावर विसंबलेल्यास 'तूच दुरुस्त कर' असे उत्तर देणे, मला तरी, उद्धटपणाचे वाटते. परवान्यात कोणतीही हमी नाकारलेली असते हे कायद्याने ठीक. पण ज्याने लोकांस दुसऱ्या विहिरीकडे जाण्याची सवय सोडावयास लावली, त्याने पाणी आटत आहे एवढे तरी वेळीच सांगावे.

अपेक्षा ठेवावयाचीच तर ती त्या रात्री जागणाऱ्या गृहस्थाकडून न ठेवता आपल्या विद्यापीठांकडून ठेवावी, असे माझे मत आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड सिद्ध केले. पहिला १८९८ चा. त्या श्रमांवर नंतरच्या कित्येकांनी पदव्या मिळविल्या. साधने गोळा करणे म्हणजे संशोधन नव्हे, असे आज कोणी म्हणणार नाही. मग अक्षर ओळखणारे यंत्र मराठीत सुधारणे हे पाठचिकित्सेचे काम का मानू नये? परदेशी नियतकालिकांच्या वर्गणीस आपल्या अंदाजपत्रकात जागा असते. ज्या मुक्त साधनांनी त्यांतील लेख आपण वाचतो, टिपतो, छापतो, त्यांच्या देखभालीस वर्षाकाठी एक लहानशी रक्कम आणि एखाद्या संशोधकाचे काही तास देणे अशक्य नाही.

माझी शंभर पाने पोहोचल्यावर दऱ्या बहुतेक ठिकाणी पुन्हा दऱ्या झाल्या. 'आचाऱ्यांना' मात्र यंत्र अजूनही 'आचार्यांना' करते. या वेळी तक्रार धाडलेली नाही. दोन विद्यार्थिनी पाने शुद्ध करीत आहेत. त्यांचे हे काम विभागाच्या वार्षिक अहवालात कोणत्या रकान्यात लिहावे, हे मी कार्यालयात विचारले आहे. उत्तर यावयाचे आहे.