सोबती यंत्राचा, दोरी दुसऱ्याच्या हाती

अमेरिकेतील एम्बॉडीड या कंपनीने डिसेंबर 2024 मध्ये आपला कारभार आटोपत असल्याचे जाहीर केले. ही वार्ता केवळ व्यापाराची नव्हती. पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा सोबती म्हणून तिने ‘मॉक्सी’ नावाचा यंत्रमानव विकला होता. किंमत 799 डॉलर. त्याचे बोलणे कंपनीच्या दूरच्या संगणकांवर अवलंबून. भांडवल आटले, तसा मित्रही मुका होण्याची पाळी आली. मुलांची समजूत घालण्यासाठी एक पत्रही कंपनीनेच लिहून दिले! (पुढे घरच्या संगणकावरून तो बोलता ठेवण्याची वाट काढण्यात आली, पण ती जाणकारांपुरतीच.)

या यंत्राची घडण मात्र अडाण्याची नव्हती. मोठे डोळे, मुद्रेवर उमटणारे भाव, आणि सर्वांत चतुर युक्ती ही की, तो शिकवायला आलेला गुरू नव्हे, तर मैत्री शिकायला आलेला अजाण पाहुणा. धाकट्याकडून पलटा घोटवून घेताना थोरल्याचाच गळा पक्का होतो, हे आम्हा गाणे शिकवणाऱ्यांस ठाऊक आहे. युक्ती खरी आहे, म्हणूनच तिची धास्ती वाटते. ज्याला शिकवावे, त्याच्यावर जीव जडतो.

पीटर कान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 90 मुले रोबोव्ही नावाच्या यंत्राशी पंधरा मिनिटे खेळली. मग ते यंत्र ‘नको, नको’ म्हणत असता त्याला कपाटात ठेवण्यात आले. निम्म्याहून अधिक मुलांनी हे अयोग्य ठरविले. आणि त्यांत पंधरा वर्षांची मुलेही होती. पंधरा मिनिटांत ही गत, तर रोजच्या सहवासाचे काय?

इंग्रज बालवैद्य विनिकॉट यांनी 1953 च्या निबंधात मुलाच्या लाडक्या चिंधीविषयी लिहिले आहे. ती चिंधी मूल स्वतःच, आपल्या गतीने, हळूहळू बाजूला ठेवते. मॉक्सीच्या बाबतीत सोडून जाण्याचा हा हक्क मुलाकडून यंत्राकडे, म्हणजे खरे तर सावकाराकडे गेला. मानसशास्त्राचा उपयोग जीव लावण्यापुरता झाला. निरोपाचा विचार दिवाळे निघाल्यावर.

असे सोबती आपल्याकडेही विकले जातात. तेव्हा दुकानदाराला प्रथम हेच विचारावे, की कंपनी बुडाल्यावर हा बोलेल काय, आणि मुलाचे बोलणे तोवर कोणाकडे साठलेले असेल?