मधल्या सुटींतील न्यायनिवाडा

प्राथमिक वर्गांतील मुलांच्या भांडणांस आपण मोठीं माणसें क्षुल्लक समजतों. पेन्सील कोणीं नेली, नळावर मध्येंच कोण घुसला, विटी वरच्यावर झेलली कीं जमिनीस टेकल्यावर, असले हे तंटे. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलाची तीच मालमत्ता व तीच अब्रू. तो रडत गुरुजींकडे येतो, गुरुजी वह्यांवरची नजर न काढतांच विचारतात, "आधीं कोणीं मारलें?" आणि दोघांसही दटावून जागेवर बसवितात. वर्ग शांत होतो खरा; तंटा मात्र दप्तरांत दडून राहतो व शाळा सुटल्यावर रस्त्यांत बाहेर पडतो.

छडीचे दिवस कायद्यानें संपले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली, हें योग्यच झालें. पण छडी गेली तरी छडीवाल्याचा अधिकार आम्हां शिक्षकांस सुटलेला नाहीं. निवाडा आम्हीं द्यावयाचा, मुलांनीं ऐकावयाचा! माझें म्हणणें असें कीं, बरोबरीच्या मुलांचा तंटा त्यांनींच मिटवावा. आणि तो कसा मिटवावा हें शिकविणें गणिताइतकेंच शाळेचें काम समजावें.

हें मुलांस साधेल काय, अशी शंका कोणी घेईल. त्यानें मधल्या सुटींत पटांगणावर जाऊन उभें राहावें. राज्य कोणावर यावयाचें हें मुलें हात चकून ठरवितात. तेथें पंच लागत नाहीं. धाकटें भावंड हट्ट धरून बसलें, तर त्यास 'कच्चा लिंबू' करून घेतात. तें खेळांत असतें, पण बाद होत नाहीं. प्रौढांच्या किती मंडळांस ही युक्ति सुचली असती? कट्टी झाली तर बट्टीचीही रीत ठरलेली असते. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ प्याजे यांनीं गोट्या खेळणाऱ्या मुलांस नियमांविषयीं नाना प्रश्न विचारले, व १९३२ सालीं त्यांवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. लहानग्यांस नियम वडीलधाऱ्यांकडून आलेला व अढळ वाटतो. पुढें तोच सर्वांच्या संमतीनें बदलतां येतो, असें त्यांस उमगतें. ही उमज समवयस्कांशीं वागतांना येते, नुसती आज्ञा पाळून येत नाहीं, असें त्यांचें मत.

मादाम मॉन्तेसोरी यांच्या पद्धतींत प्रत्येक साधन एकेकच ठेवितात. हा कंजूषपणा नव्हे. गुलाबी मनोरा दुसऱ्याच्या हातीं असेल, तर त्यानें तो जागेवर ठेवीपर्यंत मुलास थांबावें लागतें. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढिलें, व ताराबाई मोडक यांनीं बालशिक्षण पुढें बोर्डी-कोसबाडच्या खेड्यापाड्यांत नेलें. म्हणजे वाट आपल्याकडे नवी नाहीं.

मग शिक्षकानें करावयाचें काय? दोघांस समोरासमोर बसवावें. एक बोलत असतां दुसऱ्यानें मध्यें बोलूं नये. आणि उत्तर देण्यापूर्वीं पहिल्याचें म्हणणें आपल्या शब्दांत सांगावें. हीच कठिण पायरी. "तो म्हणतो कीं, मीं त्याचा डबा सांडला," एवढें तोंडानें उच्चारतांना पुष्कळदां रागाचा भर ओसरतो. तोड मात्र त्यांनींच सुचवावी. ती आपणांस ओबडधोबड वाटली तरी चालूं द्यावी.

परंतु सारींच भांडणें बरोबरीचीं नसतात. दांडगा मुलगा रोज एकाच दुबळ्याचा डबा हिसकावतो, किंवा कोणास जातीवरून, धर्मावरून, रंगावरून हिणविलें जातें, तेथें "आपसांत मिटवा" म्हणणें हा उघड अन्याय होय. तेथें शिक्षकानें दुबळ्याच्या बाजूस उभें राहिलेंच पाहिजे. समेटाची गोष्ट मागाहून. शांतता व मुकाट्यानें सोसणें या दोन वस्तु भिन्न आहेत. मुलींस तर दुसरी हीच पहिली म्हणून शिकविली जाते.

वेळापत्रकांत कवायतीस तास असतो, चित्रकलेस असतो. आठवड्याचा एक तास ह्या कामीं पहिल्या इयत्तेपासून द्यावा, अशी मुख्याध्यापकांस व पालकांसही विनंति आहे. पालकांस अशासाठीं कीं, शाळेंत दुसऱ्याचें ऐकून घ्यावयास शिकलेलें मूल घरीं गेलें म्हणजे त्यास कित्येकदां सांगण्यांत येतें, "त्यानें एक मारली, तर तूं दोन मारून ये."