बोदलकशाचा तलाव, राजवाड्यांची दप्तरे आणि आपले फॉलोअर (थ्रेड)

१/ या मालिकेत आजवर आपण झाडीपट्टीतील तलाव, मालगुजारी आणि मध्य प्रांताच्या गॅझेटियरांविषयी वाचत आलो. आज विषय किंचित बाजूचा आहे. इतिहासावर लिहू इच्छिणारे तरुण मित्र संदेशांतून वारंवार एकच प्रश्न विचारतात, ‘फॉलोअर कसे वाढवावेत?’ माझे मत असे की प्रश्नच अर्धा आहे. कोणाचे फॉलोअर, आणि कशासाठी, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

२/ उदाहरण घरचेच घेते. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेला हा जलाशय. मातीची पाळ सुमारे १९ मीटर उंच, लांबी अर्धा किलोमीटर. काम १९१७ सालचे. पावसाळा संपला की येथील चित्रफितींना तोटा नसतो. ढग, पाणी, डोंगर, मागे एखादे हिंदी गाणे. त्यांना हजारोंनी पसंती मिळते, आणि मिळावी. तलाव सुंदर आहेच.

३/ परंतु त्या चित्राखाली जे वाक्य फिरते ते पाहा: ‘हे धरण १९१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बांधले.’ महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले १ मे १९६० रोजी! १९१७ मध्ये हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाड या इंग्रजी प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होता. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतरही आपण मध्य प्रदेशातच होतो. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो. गोंदिया जिल्हा तर १९९९ चा.

४/ एका ओळीच्या चुकीत एवढा इतिहास दडपला जातो. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांताची जी दैना केली, तिच्यानंतर सरकारला सिंचनाचा विचार करणे भाग पडले. १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोगाने देशभर पाहणी केली. बोदलकशासारखी सरकारी कामे त्या पार्श्वभूमीवर वाचावी लागतात. ‘महाराष्ट्र शासनाने बांधले’ म्हटले की दुष्काळ गेला, प्रांत गेला, मजूर गेले. उरले ते फक्त गाणे.

५/ आता शिष्टाचाराचा पहिला प्रश्न. ही चूक दिसल्यावर काय करावे? त्या माणसाची पोस्ट उचलून, वर दोन उपहासाचे शब्द लिहून आपल्या भिंतीवर टांगावी, म्हणजे टाळ्या मिळतात. आपल्यातील बरेच जण हेच करतात. परंतु ज्याची फजिती झाली तो पुन्हा कधी इतिहास वाचायला येत नाही, आणि जे टाळ्या वाजवायला आले ते पुढच्या फजितीची वाट पाहत बसतात. त्यांना तलावाशी कर्तव्य नसते. चूक त्याच पोस्टखाली, तारखेसह, शांतपणे लिहावी. शक्य असल्यास खासगी संदेशाने. बहुतेक माणसे दुरुस्ती करतात. करत नाहीत त्यांना सोडून द्यावे.

६/ वाचक निवडावा लागतो, ही गोष्ट मराठीत नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले तेव्हा पानावर दोन स्तंभ होते, एक मराठी, एक इंग्रजी. आपण कोणाशी बोलतो आहोत हे त्या मांडणीतच सांगितलेले होते. छापील मजकूर विकत घेऊन वाचणारा मराठी माणूस तेव्हा विरळा. वर्गणीदार काही शेकड्यांतच मोजावेत असे. १८४० मध्ये ते पत्र थांबले. आजच्या मोजपट्टीने ‘दर्पण’ हे अगदीच अयशस्वी खाते ठरेल.

७/ आपल्या विषयाला अधिक जवळचे उदाहरण ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाचे. १८७८ मध्ये पुण्यात ते सुरू झाले. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक ही त्यामागची ठळक नावे. बखरी, पत्रे, याद्या, जुनी काव्ये असा मजकूर ते महिन्यामहिन्याने छापीत. आपल्या थ्रेडचेच ते पूर्वज म्हणा. आता विचार करा, अशा मासिकाचा सर्वांत मोलाचा वाचक कोण? ज्याच्या माळ्यावर दप्तर पडलेले आहे तो. छापलेली बखर वाचून ‘अशीच एक पोथी आमच्याकडेही आहे’ असे ज्याला आठवते तो.

८/ राजवाड्यांनी तर हा संबंध टोकाला नेला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये आला. त्यात पानिपतच्या काळातील पत्रे होती, ती वाईला सापडलेली. पुढे असे २२ खंड झाले. हा माणूस गावोगाव हिंडला. ज्यांच्या घरी कागद होते त्यांच्या दारात उभा राहिला. आणि कागद कोणता, कुठला, विश्वासार्ह किती, याची चिकित्सा प्रस्तावनांतून पानेच्या पाने केली. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते या कामाला घर मिळावे म्हणून.

(राजवाड्यांचा स्वभाव मात्र अनुकरणीय नव्हे. त्यांच्या लेखणीचे फटके आज कोणी प्रतिक्रियांत मारले तर खाते चार दिवसांत बंद पडेल.)

९/ तेव्हा माझ्या मते, इतिहास लिहिणाऱ्याला ‘योग्य फॉलोअर’ म्हणजे ज्याच्याकडून आपल्याला काही कळू शकते तो. तिरोड्याचा निवृत्त शिक्षक. पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेले एखादे आजोबा. तलावात मासेमारी करणारा ढीवर, ज्याला पाण्याखालची जमीन ठाऊक आहे. मोडी वाचू शकणारी एखादी विद्यार्थिनी. अशी पन्नास माणसे टिकवणे हे पन्नास हजार अनोळखी अंगठ्यांपेक्षा कठीण आहे. कारण ती माणसे आपल्याला तपासत असतात.

१०/ आणि ती कशाने जातात, हे सांगणे सोपे आहे. तलावाच्या पोस्टला शिवरायांचा हॅशटॅग लावला की जातात. दर दोन दिवसांनी कोणाची तरी जयंती ‘साजरी’ केली की जातात. मोठमोठ्या इतिहासकारांना, मंत्र्यांना विनाकारण टॅग केले की जातात. घरातील जुन्या पावतीचे छायाचित्र त्यांनी विश्वासाने पाठवले आणि आपण त्यावर स्वतःच्या खात्याचा शिक्का मारून ते लावले, तर नुसती जात नाहीत, गावात सांगतात. मग पुढच्या अभ्यासकालाही दार बंद. या शेवटच्या प्रकाराविषयी मला विशेष चीड आहे. कागद ज्याचा, नाव त्याचे. त्याने नको म्हटले तर नाव झाकावे, गट क्रमांक झाकावा, आणि केलेली स्वच्छ प्रत त्याला परत पाठवावी.

११/ श्रेयाचा वाद हा आमच्या भागातील दुसरा सापळा. झाडीपट्टीतील जुने तलाव कोणी बांधले? रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात कोहळी समाजाच्या तलावबांधणीच्या कौशल्याची नोंद आहे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे. गोंड राजवटीचा वाटा आहे, आणि पोवार शेतकऱ्यांनी या पाण्यावर धान पिकवला हेही खरे. यांपैकी एक नाव घेऊन ‘खरे निर्माते कोण?’ असे शीर्षक द्या, रात्रीतून शेकडो प्रतिक्रिया येतील. फॉलोअरही वाढतील. ते जातींचे असतील, इतिहासाचे नव्हेत. आणि पुढच्या प्रत्येक पोस्टवर ते आपापला हिस्सा मागतील. एकदा गोळा झालेली ही गर्दी विखुरता येत नाही, तिच्या मर्जीनेच मग लिहावे लागते. चांगल्या लिहिणाऱ्या खात्यांची माती अशीच होते.

१२/ यावर उत्तर मौन नव्हे. परंपरेला परंपरा म्हणावे, नोंदीला नोंद म्हणावे, आणि रसेल हा इंग्रज अधिकारी होता, त्याची जातींकडे पाहण्याची दृष्टी त्याच्या काळाची होती, हेही त्याच पोस्टमध्ये सांगावे. कोलू पाटलांच्या कथेची थट्टा करू नये. ती कथा सांगणाऱ्या आजीकडे सनावळी नसेल. पाळ कशी फुटते आणि कशी बुजवतात याचे ज्ञान गॅझेटियरपेक्षा तिच्याकडे अधिक असण्याचा संभव आहे.

१३/ एक बाब ठिकाणाविषयी. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात तग धरून आहे, आणि तो धानाच्या बांध्यांत, तलावांच्या काठी घरटे करतो. घरट्याचे अचूक ठिकाण टाकू नये, हे पक्षिमित्रांना आता कळले आहे. आपल्यालाही कळावे. उघड्यावरची मूर्ती, वीरगळ, जुनी समाधी यांचा नकाशा जगजाहीर केला की भाविक येतात, तसे गुप्तधनासाठी खोदणारेही येतात. तालुका सांगावा, पुढचे विचारणाऱ्याला, तो कोण आहे हे पाहून.

१४/ नियमितपणाचा उपदेश सर्वत्र मिळतो: रोज लिहा, ठरावीक वेळी लिहा. व्यापाऱ्याला तो ठीक. मला गॅझेटियरचे एक पान पडताळायला कधी आठवडा लागतो. महिन्यातून दोन थ्रेड, पण खाली ग्रंथ, आवृत्ती आणि पान. जो वाचक यासाठी थांबत नाही, त्याला थांबवून ठेवण्याची मला गरज वाटत नाही.

१५/ पुढचा थ्रेड १९५१ वर. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे हजारो तलाव ‘माजी मालगुजारी’, म्हणजे आजच्या बोलीतले ‘मामा तलाव’ झाले. मालक गेल्यावर पाळीची डागडुजी कोणी करायची, पाट कोणी उपसायचे, बोडीचे पाणी कोणाच्या शेतात आधी जायचे, हे प्रश्न तेव्हा निर्माण झाले. तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील कोणाच्या घरी त्या सुमाराच्या पाणीपट्टीच्या पावत्या वा गावठरावाच्या नकला असतील, तर छायाचित्र संदेशाने पाठवावे. नावे झाकून पाठवली तरी चालेल. सन मात्र दिसू द्या.