डाव्या हाताची पहिली गिटार

मराठीला उजवा हात जरा जास्तच आवडतो. दोघांत जो सरस तो ‘उजवा’ ठरतो, आणि कुणाला बाजूला सारायचं असेल तर त्याला ‘डावलतात’. त्या शब्दातच डावा बसला आहे. प्रसाद, पैसे, पेढा, काहीही डाव्या हाताने घ्यायला गेलं की घरातलं कुणीतरी टोकतंच. आम्हा डावखुऱ्यांना याची सवय असते. पण गिटार घ्यायची वेळ आली, तेव्हा मात्र ही सवय सोडावी असं माझं ठाम मत आहे.

मी किरनापूरची. आमच्याकडे घरखर्चातून गिटारीचे पैसे सहज निघत नाहीत. धान विकलं गेलं की मग बघू, असं असतं. पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांगतात, ‘पहिली गिटार स्वस्तातली घ्या, नंतर चांगली घ्या.’ आमच्यासारख्या घरांत हे ‘नंतर’ बहुतेक वेळा येतच नाही. पहिली गिटार हीच शेवटची असते. म्हणून ती कोणत्या हाताची घ्यायची, हा हौसेचा नाही, नीट विचार करण्याचा प्रश्न आहे.

बालाघाट असो की गोंदिया, सल्ला एकच मिळतो: ‘उजव्या हाताचीच घे, सवय होऊन जाईल. काऊन उगाच डोक्याला ताप?’ या सल्ल्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. उजवी गिटार कुठेही मिळते, मैत्रिणीची मागून वाजवता येते, विकायची झाली तर गिऱ्हाईक सापडतं. शिवाय दोन्ही हातांना काम असतंच. माणूस सवय करून घेऊ शकतो हेही खरं. सौरव गांगुली मुळात उजव्या हाताचा; भावाचं क्रिकेटचं साहित्य वापरता यावं म्हणून तो डाव्या हाताने फलंदाजी शिकला. पण त्याच्या घरात ते साहित्य आधीच होतं. आपण तर पैसे मोजून नवीन वस्तू घेतोय. मग वस्तूसाठी हात का वाकवायचा?

गिटारीत एक हात तारा दाबतो आणि दुसरा तारा छेडतो. दाबणं सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं, बोटं सगळ्यांचीच दुखतात. पण लय छेडणाऱ्या हातात असते. ज्या हाताने तुम्ही सहज ताल धरता, तो हात तिथे हवा. तबल्यात हे सोपं आहे: डावखुरा वादक तबला आणि डग्गा यांची जागा बदलतो, झालं. गिटारीचं तसं होत नाही.

दुकानदार म्हणतो, ‘तारा उलट्या लावून देतो ना!’ इथे थांबा. वरच्या टोकाच्या पट्टीला, म्हणजे नटला, जाड तारेसाठी रुंद आणि बारीक तारेसाठी अरुंद खाच असते. तारा उलटवल्या की जाड तार खाचेत बसत नाही आणि बारीक तार रुंद खाचेत खडखडते. खालची सॅडलची पट्टी मुद्दाम तिरकी बसवलेली असते; तिचा तिरकेपणा उलटा पडतो आणि वरच्या फ्रेटवर सूर बेसूर होतात. जिमी हेंड्रिक्सने उजवी गिटार उलटी करून वाजवली, हे उदाहरण हमखास दिलं जातं. पण ती इलेक्ट्रिक गिटार होती. तिच्या प्रत्येक तारेचं सॅडल वेगळं सरकवता येतं. अकूस्टिकला ती सोय नसते.

मग ठरवायचं कसं? कुणाची तरी गिटार दोन्ही बाजूंनी धरून बघा. गाणं लावा आणि कोणता हात आपोआप ताल देतो ते पाहा. दोन्हीकडून सारखंच वाटत असेल तर खुशाल उजवी घ्या. मार्क नॉफ्लर डावखुरा असूनही उजवीच वाजवतो. पण हात स्पष्ट सांगत असेल, तर त्याचं ऐका.

डावी गिटार बहुधा मागवावी लागते. यामाहा, फेंडर, कॉर्ट यांच्या काही मोजक्या मॉडेल्सच्या डाव्या आवृत्त्या निघतात. परत करण्याची मुदत विचारूनच पैसे द्या. गिटार आली की मान उजवीकडे ठेवून धरा. सगळ्यात जाड तार हनुवटीकडे असली पाहिजे. मान सरळ आहे ना, ब्रिज मागून उचलला गेलेला नाही ना, ते बघा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा. बाराव्या फ्रेटपाशी तार दोन-तीन मिलिमीटरपेक्षा फार उंच असेल तर नवशिक्याची बोटं हार मानतील. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात गिटार पत्र्याच्या छताखाली उघडी ठेवू नका.

शिकताना एक फायदाही होतो. उजव्या हाताने वाजवणारे सर समोर बसले की ते आरशातल्यासारखे दिसतात; जसं दिसतं तसंच करायचं. कॉर्डचे छापील तक्ते मात्र उलटे वाचावे लागतात, पण आठवडाभरात जमतं.

आता थोडं आपल्या कॉलेजबद्दल. साधारण दहा माणसांत एक डावखुरा असतो. म्हणजे साठ जणांच्या वर्गात पाच-सहा. तरीही लिहायची फळी असलेल्या आपल्या सगळ्या खुर्च्या उजव्या हाताच्या आहेत आणि संगीताच्या खोलीतल्या सगळ्या गिटारीही. पॉल मॅकार्टनी सुरुवातीला उजव्या पद्धतीने धडपडत होता. स्लिम व्हिटमन या डाव्या हाताने वाजवणाऱ्या गायकाचं चित्र दिसलं, तेव्हा त्याला कळलं की असंही चालतं. एका चित्राने एवढं होतं, तर खोलीत एक खरीखुरी डावी गिटार असेल तर काय होईल? पुढच्या खरेदीत तेवढी एक घ्यावी, अशी माझी मंडळाला आणि कॉलेजला विनंती आहे. ज्याला घरून एकदाच पैसे मिळणार आहेत, त्याला ते खर्च करण्याआधी हात लावून बघता येईल.