एकट्या घराची विचारपूस

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आढळल्या. कर्ती माणसे पोटापाण्यासाठी मुंबईस जातात. गणपती-शिमग्यास घर भरते, एरवी पुष्कळ घरांत मागे वृद्धच उरतात. ज्यांनी आयुष्यभर कलमे जोपासली, त्यांना कोणी काही विचारीनासे झाले म्हणजे आपण केवळ भार आहोत, ही समजूत मनात मूळ धरते. एकटेपणाची जोड मिळताच जीव नकोसा होऊ लागतो. याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होय. हे दुखणे आहे व त्यावर उपचार आहेत.

कार्यकर्त्याने फवारणीची माहिती देऊन लगेच परतू नये. पडवीत घटकाभर बसावे, कलमांविषयी त्यांचाच सल्ला घ्यावा. बोलण्यात निराशा दिसल्यास, जीव द्यावासा वाटतो काय, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. मन मोकळे होते. होकार आल्यास त्यांना एकटे सोडू नये, कीटकनाशके कुलपात ठेवून किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मोफत सल्ला मिळतो. रत्नागिरीस प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे.

बागेच्या पाहणीइतकीच बागाइतदाराची विचारपूस अगत्याची आहे.