पगाराची सात तारीख

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जून महिन्यात, माझी नात मला अंधेरीला रग्बी पाहायला घेऊन गेली. पवईहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने रिक्षा, मग पावसातली ती नेहमीची कोंडी, आणि शेवटी वीरा देसाई रस्त्यावरचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. सहा संघ, प्रत्येकी सात खेळाडू, देशोदेशीचे धटिंगण आणि त्यांच्यात आपली पोरे. रग्बी प्रीमियर लीगचा तो पहिलाच मोसम होता. तो पुढे चेन्नईने जिंकला. खेळ मला निम्माच कळला. अंडाकृती चेंडू पुढे नेण्यासाठी मागे फेकायचा, हे गणित मला या वयात झेपणारे नव्हते.

पण सवय वाईट. पस्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस मैदानावरही खातेवहीच पाहतो. माझी नजर गेली ती कडेला उभ्या असलेल्या एका चाळिशीतल्या माणसाकडे. खेळ थांबला की तो पाण्याच्या बाटल्यांचा पिंजरा घेऊन धावे, मळलेले टॉवेल गोळा करी, ओल्या गवतावर घसरत परत येई. टाळ्या अर्थातच त्याच्यासाठी नव्हत्या. मी नातीला विचारले, "याचा पगार कोण देत असेल गं?" ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही मॅच बघा ना!"

मॅच मी पाहिली, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. आणि दीडदोन महिन्यांतच त्याला उत्तर मिळावे तशा बातम्या येऊ लागल्या, त्याही त्याच मैदानाशी नाते असलेल्या. अंधेरीचे हे संकुल मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे घरचे मैदान. तो क्लब ज्या इंडियन सुपर लीगमध्ये खेळतो तिचा डोलारा उभा होता तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली केलेल्या पंधरा वर्षांच्या कराराच्या आधाराने. त्याची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, पुढचे काही ठरलेले नाही, म्हणून जुलैमध्ये स्पर्धाच बेमुदत लांबणीवर पडली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरू एफसीने आपल्या पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले. ओडिशाने करारच स्थगित केले. चेन्नईयिनने काम थांबवले. वर्ष संपता संपता मुंबई सिटीतून तिचा परदेशी भागीदार, सिटी फुटबॉल ग्रुप, बाहेर पडला. मँचेस्टरची श्रीमंती पाठीशी असलेल्या क्लबचीही ही गत!

वर्तमानपत्रांतून चर्चा झाली ती खेळाडूंची. कोण कुठे जाणार, कोणाचे करार सुटणार. ते स्वाभाविक आहे. पण 'कर्मचारी' या एका शब्दात किती माणसे कोंबलेली असतात, ते पाहा. मालिश करणारा, कपडे धुणारा, गवत कापणारा, बस चालवणारा, तिकिटांच्या हिशेबाची टिपणे ठेवणारी मुलगी. खेळाडू वर्षभर घरी बसला तर ती मोठी अडचण असते. या मंडळींच्या घरी मात्र महिन्याभरातच वाण्याची उधारी तुंबते.

आमच्या वेळी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. बँका, रेल्वे, बेस्ट, एअर इंडिया, कापडगिरण्या खेळाडूंना नोकरीवर घेत. आमच्या शाखेत एक कबड्डीपटू होता. दुपारी दोनला काउंटर बंद झाला की स्वारी सरावाला. आम्ही त्याच्या नावाने बोटे मोडत असू, कारण त्याची व्हाउचरे आमच्या माथी येत. पण संघ हरो वा जिंको, त्याचा पगार आमच्याबरोबर त्याच दिवशी खात्यात जमा होई. त्याच्या संघाची देखभाल करणारा माणूसही बँकेचाच शिपाई असायचा. खेळ हा त्यांच्या पोटाचा धंदा नव्हता. ती व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. तिच्यात गुणवत्तेपेक्षा वशिला बराच चाले, आणि खेळातला पैसा खेळाडूपर्यंत कधी पोचलाच नाही. महिंद्र युनायटेडसारखा, लीग आणि फेडरेशन कप एकाच मोसमात जिंकलेला मुंबईचा संघसुद्धा कंपनीने २०१० मध्ये बंद केलाच. तरीही त्या व्यवस्थेत टॉवेल उचलणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी होता. आताच्या टॉवेल उचलणाऱ्याला बहुधा फक्त ठेकेदार असतो.

हे आपल्याकडेच होते असे नाही. रग्बीचे माहेर इंग्लंड. तिथे २०२२ च्या शरद ऋतूत वूस्टर वॉरियर्स हा पहिल्या श्रेणीतला क्लब बुडाला. कराची थकबाकी, कर्ज, आणि मालकांची आश्वासने. ऑगस्टचा पगार द्यायची वेळ आली तेव्हा खेळाडूंचे पैसे उशिरा का होईना पण झाले. इतर कर्मचाऱ्यांपैकी अनेकांच्या हाती मात्र सुमारे पासष्ट टक्केच पडले. तरी हीच अर्धपगारी माणसे सप्टेंबरमधल्या घरच्या शेवटच्या सामन्यासाठी मैदान सजवायला हजर राहिली. सामना वूस्टरने जिंकला. दोन दिवसांनी क्लब निलंबित, आणि ५ ऑक्टोबरला न्यायालयाने खेळाडूंचे करार ज्या कंपनीत होते ती कंपनीच मोडीत काढली. त्यानंतर पंधरवड्याच्या आत वॉस्प्स हा दुसरा नामवंत क्लब गेला, आणि खेळाडू व कर्मचारी मिळून १६७ जणांची एका दिवसात नोकरी गेली. पुढच्या वर्षी लंडन आयरिश. वूस्टर २०२५ मध्ये नव्या मालकाच्या हाती, खालच्या श्रेणीत, पुन्हा उभा राहिला. क्लब असा परत उभा राहू शकतो, पण बुडालेला महिना कोणाला परत मिळत नाही.

खेळाडूंना आधी आणि इतरांना नंतर, असे का व्हावे? इंग्रज दुष्ट म्हणून नव्हे. पगार थकला की खेळाडू करार मोडून दुसऱ्या क्लबात जाऊ शकतो, आणि क्लब विकायला काढला तर किंमत येते ती त्याच्यामुळेच. तो क्लबची मालमत्ता आहे. गवत कापणारा हा खर्च आहे.

हा फरक मला चांगला कळतो, कारण मी स्वतः तो केलेला आहे. १९९६ च्या सुमाराची गोष्ट. साकीनाक्याजवळच्या शाखेत मी कर्जखाते पाहत होतो. साकीविहार रस्त्यावरच्या एका छोट्या कारखान्याचे कॅश क्रेडिट आमच्याकडे होते. साठेक कामगार असतील. महिन्याच्या सात तारखेला कारखान्याचा कॅशियर किंतानाची पिशवी आणि सोबत एक पहारेकरी घेऊन पगाराचा चेक वटवायला येई. पगार तेव्हा रोखीने, पाकिटांतून. त्या महिन्यात मर्यादा संपलेली होती. चेक वटवला असता तर खाते काही हजारांनी वर गेले असते. तेवढा अधिकार मला होता. मी तो वापरला नाही. ऑडिट तोंडावर होते.

इथवर सगळे नियमाला धरून. पण त्याच आठवड्यात, चारच दिवस आधी, त्याच खात्यावरचा पोलादाच्या व्यापाऱ्याचा चेक मी मर्यादा ओलांडून पास केला होता. कारण पोलाद गोदामात येणार, साठ्याच्या पत्रकात चढणार, आमच्या कर्जाला तारण होणार. कामगारांच्या मजुरीचे तसे काही होत नाही. मजुरी तारण ठेवता येत नाही. संध्याकाळी बसने घरी येताना कारखान्याच्या फाटकाशी उभी असलेली माणसे मला दिसली. ओरडा नव्हता, घोषणा नव्हत्या. नुसती उभी होती. मी खिडकीतून मान आत घेतली. मालकाने पुढे कुठून तरी रक्कम आणली आणि अठरा की एकोणीस तारखेला पगार झाला. त्यानंतर तो मला भेटला तेव्हा एक शब्द वेडावाकडा बोलला नाही, हे जास्त लागले.

सात तारीख ही काही त्या कारखान्याची रीत नव्हती, तो कायदा होता. वेतन प्रदान अधिनियम १९३६ सालचा. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहा. तो ठरावीक पगाराच्या आतल्यांनाच लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता आली, आणि मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत हा नियम सर्वांनाच लागू झाला. ठेकेदाराने बुडवले तर मूळ मालकाने द्यायचे, हे तत्त्वही कायद्यात १९७० पासून आहे. पण कायदा असून पगार कसा अडकतो, हे पाहायला आमच्या शेजारच्या अंधेरीइतके दुसरे गाव नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. त्याआधी वैमानिक, अभियंते, वरिष्ठ अधिकारी यांचे पगार रखडले, मग सगळ्यांचेच. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी हे कामगारांचे पैसे पूर्ण द्यावेच लागतील, यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला जानेवारी २०२३ उजाडले, आणि कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला ७ नोव्हेंबर २०२४ रोजी. साडेपाच वर्षे! वैमानिकाला दुसरी विमान कंपनी मिळते. सामान चढवणाऱ्याने या साडेपाच वर्षांत काय करायचे?

म्हणून माझे म्हणणे असे की, पगाराची सोय संकट येण्याआधीच व्हायला हवी. संकटात सगळ्यांची मने मोठी होतील या भरवशावर ती सोडू नये. रस्त्याचा ठेका घेणाऱ्याला बँक गॅरंटी द्यावी लागते. मग शहराच्या नावाने संघ काढणाऱ्याने, खेळाडू सोडून बाकी सर्व माणसांच्या, ठेकेदाराकडच्यांच्यासुद्धा, निदान तीन महिन्यांच्या पगाराची हमी मोसमाआधीच बँकेत का ठेवू नये? एखाद्या परदेशी खेळाडूच्या मानधनापुढे ही रक्कम किरकोळ निघेल. मालक म्हणतील, आधीच तोट्याचा धंदा, त्यात हा बोजा कशाला. पण तोटा सोसायची ऐपत नसेल तर संघ काढण्याची हौस कोणाच्या जिवावर, हे विचारायलाच हवे. आणि कपात करायचीच झाली तर ती वरून खाली यावी. २०२० च्या मार्चमध्ये बार्सिलोनाच्या फुटबॉलपटूंनी स्वतः सत्तर टक्के कपात घेतली आणि इतर नोकरांना पूर्ण पगार मिळावा म्हणून पदरचे पैसे घातले. लिव्हरपूलने मात्र त्याच सुमारास आपल्या बिगरखेळाडू कर्मचाऱ्यांना सरकारी मदतीच्या पगारावर सोडायचे ठरवले. एवढा ओरडा झाला की दोन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. ओरडा करणारे त्यांचेच प्रेक्षक होते. आपल्याकडच्या प्रेक्षकाने असा प्रश्न विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मी स्वतःही तिकीट काढून आलो, नातीला एकदा विचारले आणि गप्प बसलो.

त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीची फोनवरून सभा झाली. गाड्या धुणारे, घरकाम करणाऱ्या बायका, माळी, सगळ्यांना फाटक बंद. त्यांचा पगार द्यायचा का, आणि किती? पवईतली सुशिक्षित माणसे. कोणी 'देऊ नका' म्हणाले नाही. पण 'काम नाही तर पूर्ण कसा?' हा सूर होता, आणि मी, बँकेतला अनुभवी म्हणून, मध्यममार्ग सुचवला. निम्मा द्यावा. तो मान्य होण्याच्या बेतात होता. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "अहो, तुमची पेन्शन निम्मी झाली का?"

मी पुन्हा फोन लावला. सचिव आधी वैतागले, मग हसले. पूर्ण पगाराचा ठराव तीन मतांनी मंजूर झाला. आमची गाडी धुणारा तोवर जौनपूरला चालत निघून गेलेला होता. त्याचे पैसे त्याच्या भावाच्या खात्यावर टाकले. ऑक्टोबरात तो परत आला आणि पहिल्याच दिवशी बादली घेऊन विचारू लागला की, मधल्या सहा महिन्यांचे काम कसे फेडायचे.